‘कोण ता अर्ध्यातच कळला’ : थरारपट मध्येच बसतो तेव्हा काय तपासायचं

तक्रार दरवर्षी तीच असते, फक्त हार्डडिस्क वेगळी. जून लागतो, लग्नाचा सीझन संपतो, माझं एडिटिंगचं टेबल रिकामं होतं आणि उन्हाळ्यात शूटिंग उरकलेली पोरं छत्र्या झाडत एकेक करून दारात उभी राहतात. वीस-पंचवीस मिनिटांचा थरारपट असतो. ड्रोनमधून खाडी, बंद पडलेलं कौलारू घर, मुंबईहून आलेला कुणी चुलतभाऊ, जमिनीचा वाद आणि एक खून. पहिली सहा-सात मिनिटं बरी जातात आणि मग सिनेमा ओहोटीला सापडलेल्या होडीसारखा चिखलात बसतो. "दादा, मजा येना नाय. कोण ता अर्ध्यातच कळता लोकांका." त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला: "शेवटाक अजून एक ट्विस्ट टाकूया काय?"

टाकू नका. ट्विस्ट कमी पडला म्हणून आपटलेला एकही सिनेमा माझ्या टेबलावर आलेला मला आठवत नाही. तीन-तीन कलाटण्या असून झोप आणणारे मात्र भरपूर आलेत. दुखणं दुसरीकडेच असतं. ते शोधायची माझी पद्धत एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या जूनला घसा कोरडा करायला नको.

आधी आठळ्यांची चाचणी

कुठल्याही दुरुस्तीआधी सिनेमा अशा माणसाला दाखवा, ज्याचे हात कामात आहेत. माझ्याकडे ते माणूस म्हणजे आई. पावसाळ्यात दुपारी ती फणसाच्या आठळ्या सोलत बसते. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवतो आणि स्वतः तिच्या हातांकडे बघत बसतो. हात थांबले की वेळ लिहायची, परत चालू झाले की वेळ लिहायची. बस. "कसा वाटला?" असं विचारायचं नाही. पोरं दारात उभी असताना ती "बरो हा" म्हणणार हे ठरलेलं आहे. हातांना कुणाचं मन राखता येत नाही.

गेल्या पावसातल्या एका सिनेमाचा कागद मी जपून ठेवलाय. बावीस मिनिटांचा सिनेमा. कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणारी एक सून रात्री जेटीवर काहीतरी बघते. गावातला एक माणूस बेपत्ता होतो. नवऱ्याचा दोस्त असलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तिला लांबच्या खडपावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर, कालवांना नेतो आणि तिथेच सोडून परत येतो. भरती चढणार, बाई बुडणार, कुणाला वारही करावा लागणार नाही. कल्पना झकास होती, मी पोरांना तसं सांगितलंही. पण कागद असा: हात थांबले एक मिनिट दहा सेकंदांवर, जेटीच्या प्रसंगाला. चालू झाले तीन-चाळीसला. त्यानंतर थेट सतराव्या मिनिटापर्यंत आठळ्या अखंड सोलल्या गेल्या. सतराव्या मिनिटाला तांडेल होडी मागे वळवतो, तिथे आठ सेकंद हात थांबले आणि परत चालू. वर शेरा: "माका तो पयल्याच खेपेक कळलो."

कसा कळला? पुराव्यावरून अजिबात नाही. तांडेलाचं काम करणारा माणूस पंचक्रोशीतला सगळ्यात चांगला नट आहे. दशावतारात राजपार्ट करतो. असा माणूस कुणी दोन प्रसंगांत चहा प्यायला घेत नाही, हे आईला ठाऊक आहे. प्रेक्षक खुनी ओळखतो तो बहुतेक वेळा असाच: गावात चेहरे किती, त्यातला वजनदार कोण, आणि त्याला अजून काही करायला का दिलं नाही? तुम्ही पुरावे कितीही लपवा, ही बेरीज त्याच्या डोक्यात चालूच असते. मग तेरा मिनिटं तुम्ही जे झाकताय ते त्याला आधीच माहीत असतं, आणि तुम्ही ते कधी उघडताय याची वाट बघत तो कंटाळतो.

खरा बिघाड: माहिती उशिरा पोचते

आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला लांबलचक मुलाखत दिली. त्यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, पण सांगून झाल्यावर ते वापरत कुणी नाही. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारतायत. अचानक स्फोट. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळाला. आता तोच प्रसंग, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलंय आणि तो कधी फुटणार हेही त्याला माहीत आहे. त्याच कंटाळवाण्या गप्पा आता पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात.

आपल्याकडे हे कुणाला शिकवायची गरज पडू नये. जत्रेत रात्रभर दशावतार बघणाऱ्या माणसाला राक्षस मरणार हे पहिल्या पेटीच्या सुरापासून माहीत असतं. कथानक पुराणातलं, शेवट ठरलेला, दहीकाला पहाटे होणारच. तरी थंडीत घोंगडी पांघरून लोक का बसतात? राजाला कपट कळलेलं नाही आणि आपल्याला कळलंय म्हणून. समोर नट आयत्या वेळी सुचेल ते बोलत असतो आणि मागून एखादी म्हातारी त्याला ओरडून सांगते, "अरे, जाव नको रे थंय!" ते ओरडणं तुमच्या सिनेमाला मिळालं पाहिजे.

थरारपट आणि रहस्यपट यांची गल्लत इथेच होते. रहस्यपटात प्रश्न असतो की झालं काय आणि केलं कुणी. थरारपटात प्रश्न असतो की आता होणार काय. ‘दृश्यम’ आठवा. जीतू जोसेफचा मूळ मल्याळम सिनेमा २०१३ चा, निशिकांत कामतने हिंदीत केलेला २०१५ चा. कुणी मारलं, का मारलं हे आपण डोळ्यांनी बघतो आणि मग घरातल्या लहान मुलीला पोलीस काही विचारायला लागले की आपल्याच तळहाताला घाम येतो. दिग्दर्शकाने एकच गोष्ट झाकून ठेवलेली असते, बाकी सगळं आपल्या हातात दिलेलं असतं. काय झाकायचं याची निवड इतकी कंजूस हवी. आमची पोरं सगळंच झाकतात आणि मग शेवटच्या दोन मिनिटांत सगळंच ओततात.

तपासायची रीत सोपी. प्रत्येक प्रसंगासमोर एक शब्द लिहा: प्रेक्षकाला पात्रापेक्षा ‘जास्त’ माहीत आहे, ‘तेवढंच’ आहे की ‘कमी’. ‘कमी, कमी, कमी’ अशी सलग रांग लागली की समजा, तिथे आठळ्या सोलल्या जाणार.

कालवांच्या सिनेमाचं आम्ही काय केलं

नवं काही शूट केलं नाही. पावसात करणार तरी काय? एकोणिसाव्या मिनिटाला, सगळं संपत आल्यावर, एक फ्लॅशबॅक होता: रात्री जेटीवर तांडेल निळ्या नायलॉनच्या दोरीने एका गाठोड्याला होडीचा नांगर बांधतोय. छान घेतलेला शॉट. चेहऱ्यावर बॅटरीचा उजेड खालून, गाठ आवळताना दात आणि हात दोन्ही कामाला. तो मी उचलला आणि आठव्या मिनिटाला लावला. पोरं हळहळली. "दादा, सगळोच सस्पेन्स गेलो." मी म्हटलं, थांबा जरा.

आठव्या मिनिटानंतर चहाचा प्रसंग होता. तांडेल खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसतो, सासू चहा-खारी देते, तो उन्हाची तक्रार करतो आणि सुनेला म्हणतो, "उद्या सांजचा येतंस कालवांक? लांबच्या खडपार मोठी कालवां हत." आधीच्या कटमध्ये हा मेलेला प्रसंग होता. मी स्वतःच तो अर्धा कापायचा विचार केला होता. आता एक फ्रेमही न बदलता त्यातलं प्रत्येक वाक्य अंगावर येऊ लागलं. तो खारी चहात बुडवतो तेव्हा आपण त्याची बोटं बघतो, कारण त्या बोटांनी मारलेली गाठ आपण मघाशीच पाहिलेली असते. पायरीवर त्याने निष्काळजीपणे टाकलेली निळी दोरी मला तोवर दिसलीही नव्हती. पोरांनी ती मुद्दाम ठेवली नव्हती, होडीतली म्हणून पडली होती. नशीब.

शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशोव नावाच्या रशियन दिग्दर्शकाने हेच करून दाखवलं होतं. एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा, पण एकदा सूपाच्या थाळीशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी. बघणाऱ्यांना तो एकदा भुकेला वाटला, एकदा दुःखी. चेहरा तोच होता. म्हणून एडिटिंगला बसल्यावर नटाला शिव्या घालण्याआधी त्याच्या आधीचा शॉट कोणता आहे ते बघा.

दुसरी दुरुस्ती पाण्याची. थरारपटात घड्याळ लागतं हा या प्रकाराचा जुना नियम. बॉम्बवरचे आकडे, शेवटची बस, पहाटेच्या आत पोचणं, काहीही चालतं, पण वेळ संपतोय हे दिसलं पाहिजे. आमच्याकडे अरबी समुद्राएवढं घड्याळ होतं आणि पोरांनी ते वापरलंच नव्हतं. एका शॉटमध्ये बाईचे पाय कोरडे, पुढच्याच शॉटमध्ये पाणी गुडघ्यापर्यंत. भरती अशी येत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात आणि पाणी सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा आहे: चढणाऱ्या पाण्याचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे पहिला तास माणसाला वाटतं काही होतच नाहीये. दुसऱ्यात जरा शंका. आणि लक्षात येईपर्यंत मधले दोन तास अंगावर आलेले असतात. कुणा पटकथाकाराने इतकी नेमकी चढण लिहिली नसती.

सुदैवाने पोरांकडे न वापरलेलं फूटेज होतं. बाईने खडपावर ठेवलेली टोपली चार वेगवेगळ्या वेळी आपोआप फ्रेममध्ये आली होती. पहिल्या शॉटमध्ये टोपली कोरडी, बाई मान खाली घालून कालवं फोडतेय, हा मी मुद्दाम लांब ठेवला, चांगला वीस सेकंद. दुसऱ्यात टोपलीचा बूड ओला. बाईचं लक्ष नाही. तिसऱ्यात एक लाट टोपलीला किंचित फिरवते. चौथ्यात टोपली तरंगतेय आणि बाई तिच्याकडे बघते. त्यानंतर कॅमेरा होडीकडे जातो आणि होडी जिथे असायला हवी तिथे नुसतं पाणी. संवाद एकही नाही. आधी इथे ती "अरे देवा, भरती येतेय!" असं ओरडायची. ते काढलं.

समुद्र नसेल त्यांनी रडू नये. कोकण रेल्वे बहुतेक एकेरी मार्गाची आहे, क्रॉसिंगसाठी गाडी एखाद्या लहान स्टेशनात उभी राहिली की किती वेळ राहील ते प्रवाशाला कळत नाही. समोरची गाडी गेल्याशिवाय ही हलणार नाही. पाठलाग करणारा मागच्या डब्यातून पुढे सरकतोय आणि सिग्नल लाल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, फोन तिथे मुका होतो. एवढं आयतं असताना टाइमबॉम्ब कशाला?

चकवा आणि फसवणूक

संशय भलत्याकडे वळवायचा हा या प्रकारातला दुसरा मोठा नियम. इंग्रजीत त्याला लाल हेरिंग मासा म्हणतात, आपल्याकडे त्याहून सरस शब्द आहे: चकवा. चकवा लागलेला माणूस रात्रभर एकाच माळावर फिरतो आणि उजाडल्यावर बघतो तर घराची वाट दहा पावलांवर असते. ती वाट रात्रीही तिथेच होती. चांगल्या चकव्याची कसोटी हीच. उलगडा झाल्यावर प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की वाट समोरच होती, मीच भलतीकडे बघत होतो. वाट सिनेमात नव्हतीच आणि शेवटी कुठूनतरी जुळा भाऊ आला, तर ती शुद्ध फसवणूक. असा सिनेमा माणूस दुसऱ्यांदा बघत नाही.

यात एक माझी चीड आहे, ती सांगूनच टाकतो. चकवा म्हणून दरवेळी गावातला वेडसर माणूस, पांढऱ्या साडीतली विधवा नाहीतर परप्रांतातून आलेला खलाशी उभा करायचा, त्याच्याकडे कॅमेरा तिरका करायचा आणि मागे वीज कडाडायची. हे आता कुणालाही चकवत नाही. ज्याच्यावर तिरका कॅमेरा तो निर्दोष, हे दहा वर्षांचं पोरही जाणतं. आणि त्या माणसांवर अन्यायही होतो तो वेगळाच. चकवा हवाच असेल तर तो प्रेमळ माणसाभोवती रचा, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी खरंच आहे, पण ते खुनाशी संबंधित नाही. कर्ज असेल, चोरून विकलेला जमिनीचा तुकडा असेल. त्याचं खोटं बोलणं खरं असतं, त्यामुळे संशयही खरा येतो.

भुताचंही तेच. देवचार, मुंजा, हडळ दाखवायची आणि शेवटी ‘तो तर स्मगलरचा कंदील’ म्हणायचं, हे करायला हरकत नाही, पण मग रात्री दिसलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब कंदिलाने लागला पाहिजे. एका सिनेमात सात गोष्टी दिसल्या आणि कंदिलाने तीनच सुटल्या. उरलेल्या चार कुणाच्या खात्यावर?

पेटीत काय आहे?

आणखी एका गटाने आंब्याच्या पेटीचा सिनेमा आणला होता. पेटी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते, सगळे तिच्या मागे. उत्तम. पण पेटीतलं सोनं कुठून आलं, कुणी लुटलं, कुठल्या साली लुटलं याची तीन मिनिटांची कैफियत एका म्हाताऱ्याच्या तोंडी. हात चालू, आठळ्या चालू. अशा वस्तूला हिचकॉक ‘मॅकगफिन’ म्हणायचा: पात्रांचा जीव तिच्यात अडकलेला, प्रेक्षकाला मात्र ती नेमकी काय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. आम्ही ती तीन मिनिटं कापून पेटी उचलताना माणूस किती वाकतो तो एक शॉट ठेवला. पाच डझनांची पेटी उचलायला कोण इतकं वाकतो? देवगडातल्या माणसाला लगेच कळतं.

‘फोन का नाही करत?’

हा प्रश्न प्रेक्षकाने विचारला की सिनेमा तिथल्या तिथे गळतो. ‘रेंज नाही’ हे उत्तर आपल्या भागात खरं आहे, पण ऐन वेळी दिलं तर पळवाट वाटतं. आधी पेरा. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी मुंबईच्या मुलाशी बोलायला चप्पल घालून सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, चढताना दाखवा, तिथे आणखी दोघं हात वर करून फिरताना दाखवा, लोक हसतील. पंधराव्या मिनिटाला तोच सडा, रात्र, मागे पावलं. आता हसणार नाहीत. विनोद म्हणून दाखवलेली गोष्ट नंतर सापळा झाली तर प्रेक्षक कधीच तक्रार करत नाही.

पोलिसांचंही तसंच. थरारपटात पोलीस उशिरा येतात हा संकेतच आहे, नाहीतर नायक एकटा पडणार कसा? पण आपल्या गावात पोलीस पाटील असतो. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याखाली नेमलेला, गावातच राहणारा, सगळ्यांना नावानिशी ओळखणारा. बहुतेक पटकथांत तो नसतोच. प्रेत सापडतं आणि चौघं पोरं आपसात तपास सुरू करतात. प्रेक्षकांतला प्रत्येक जण मनात म्हणतो, अरे, पाटलाक सांगा! हे दार बंद करा. पाटील लग्नाला गेलाय, आजारी आहे, किंवा सगळ्यात उत्तम, त्याला सांगितलंय आणि तो भलताच शांत आहे.

आवाज

बहुतेक प्रोजेक्टमध्ये पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत फुकट डाउनलोड केलेलं धडधडणारं संगीत असतं. माझा पहिला उपाय क्रूर आहे: संगीताचा सगळा ट्रॅक म्यूट करा आणि सिनेमा पुन्हा बघा. जिथे भीती उरली तिथे संगीताची गरज नव्हती, जिथे उरली नाही तिथे संगीत काही वाचवत नव्हतं.

स्पिलबर्गच्या १९७५ च्या ‘जॉज’चा किस्सा पोरांना मी नेहमी सांगतो. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून तो कमीत कमी दाखवावा लागला. त्याच्या जागी पाण्यावर ओढत जाणारी पिंपं आणि जॉन विल्यम्सचे दोन सूर. शार्क धड चालला असता तर सिनेमा इतका भीतीदायक झाला नसता असं खुद्द दिग्दर्शकाचंही मत. तुमचं भूत, तुमचा खुनी, तुमचं पाचशे रुपयांचं रक्त, सगळं थोडं कमी चालू द्या.

आणि आपल्याकडचे आवाज वापरा. समुद्राची गाज सतत असते म्हणून कानाला जाणवत नाही, ती एका क्षणी हळूहळू खाली आणली की प्रेक्षक कारण न कळता अस्वस्थ होतो. रातकिड्यांच्या जवळ कुणी आलं की ते गप्प होतात. बाई खळ्यात बसलीय, रातकिडे ओरडतायत, आणि माडांच्या बाजूचे तेवढे थांबले. मांजर उडी मारायला नको, झावळ पडायला नको. दचकवण्याचा तो प्रकार एका सिनेमात एकदाच, तोही खऱ्या संकटाच्या जरा आधी, सुटकेचा श्वास सोडवून घेण्यापुरता.

किरकोळ, पण वारंवार येणारं

गाणं घालू का? नका घालू. यश चोप्रांनी १९६९ साली ‘इत्तेफाक’ एकाही गाण्याशिवाय केला, राजेश खन्ना हाताशी असताना. तुमच्याकडे राजेश खन्ना नाही.

खुनी शेवटी पिस्तूल रोखून सगळी कहाणी सांगतो? निम्मी कापा, मग उरलेल्यातली निम्मी कापा.

मे महिन्यात अर्धं आणि जुलैत अर्धं शूटिंग केलंत तर चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, तुमचा घात करणार. मेमध्ये तो लाल-काळा कोरडा, जुलैत शेवाळाने हिरवागार. एकाच पाठलागात नायक उन्हाळ्यातून पावसाळ्यात उडी मारतो. यावर एडिटिंगमध्ये उपाय नाही. रंग बदलून हिरवं लाल करायला मला सांगू नका, चेहरेही लाल होतात.

आता कालवांच्या सिनेमाचं राहिलेलं सांगतो. सगळं नवीन लावून झाल्यावर परत आईसमोर ठेवला. आठव्या मिनिटाला हात थांबले. चहाच्या प्रसंगात एक आठळी उचलली आणि तशीच मुठीत राहिली. सून होडीत पाय टाकते तेव्हा आईने तिला चक्क शिवी घातली. टोपली तरंगली तेव्हा पोरांनी एकमेकांकडे बघितलं, मी कागदावर काहीच लिहिलं नव्हतं, कारण लिहायला हात परत चालूच झाले नव्हते. सिनेमा संपला. आईने मुठीतली आठळी ताटात टाकली आणि म्हणाली, "पण अष्टमीक सांजच्या वेळाक भरती रे. खडप उघडा पडतला कसा?"

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही. कालवांना निघताना सासू सुनेला सांगते, "आज अष्टमी, सांभाळून जा." अष्टमी कानाला जरा भयाण वाटते म्हणून पोरांनी लिहिलेलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे तांडेल बाईला खडपावर उतरवतो त्याच वेळी पूर्ण भरती, खडप पाण्याखाली. शिवाय अष्टमीचं पाणी भांगाचं, फारसं चढत-उतरतच नाही. पुनवेला हिशेब जमतो: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दिवे लागायच्या आधी ओहोटी, खडप लांबवर उघडं, आणि रात्री सव्वाअकराला उधाणाची भरती.

सासू त्या वाक्याला पाठमोरी होती, एवढं बरं. दुसऱ्या दिवशी ज्यांनी सासूचं काम केलं होतं त्या काकींना बोलावलं. डोक्यावर गोधडी घेऊन, मोबाईल तोंडाजवळ धरून त्या "आज पुनव" म्हणायला बसल्या, आणि कौलांवर सर आली. थांबलो. ओसरली, परत गोधडी घेतली, परत सर. चार वाजता कधीतरी पाऊण मिनिट पाऊस थांबला, तेवढ्यात झालं.